परसात सापडलेली ‘रानबदामं’ ओळखायची कशी?

पावसाळा सरत आला की परसात, बांधावर आणि शाळेच्या कुंपणालगत झाडांखाली बिया दिसू लागतात. काही काळ्या, काही तपकिरी, काही कवचासकट. लहान मूल त्या गोळा करून आणते आणि घरात विचारते, ‘हे खायचं आहे का?’ आजी म्हणते रानबदाम, शेजारी म्हणतो चंद्रज्योत, आणखी कुणी बिब्बा म्हणतो. अनेकदा तिघेही वेगवेगळ्या झाडांविषयी बोलत असतात.

बीड जिल्ह्यात, विशेषतः बालाघाटच्या डोंगररांगेलगतच्या गावांत, हा प्रश्न दरवर्षी येतो. चंद्रज्योतीच्या बिया खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाड्यात अधूनमधून वाचायला मिळतात. त्यातली बहुतेक मुले उपचाराने बरी होतात, पण आईवडिलांची ती रात्र कशी जाते, हे ज्याच्या घरी घडते त्यालाच ठाऊक. म्हणून आपल्याकडे परसात आणि बांधावर सापडणाऱ्या झाडांच्या बिया एकमेकींपासून वेगळ्या कशा ओळखायच्या, ते येथे सांगत आहोत.

एका नावाची तीन-चार झाडे

सगळा घोळ ‘बदाम’ या शब्दात आहे. बाजारातला खरा बदाम आपल्याकडे पिकत नाही. त्याला चांगली कडक थंडी लागते, ती बीडच्या हवामानात मिळत नाही. तेव्हा तुमच्या परसात पडलेली बी खऱ्या बदामाची नाही, एवढे पहिल्याच क्षणी ठरवून टाका. मग राहतात ती ‘बदाम’ म्हणवली जाणारी बाकीची झाडे. शाळेच्या आणि देवळाच्या आवारातला देशी बदाम, रस्त्याकडेला लावलेला जंगली बदाम, आणि बदामासारखी चव लागते म्हणून मुले जिला बदाम म्हणतात ती चंद्रज्योत. पहिल्याचा गर खाता येतो, दुसऱ्याच्या नादी न लागलेले बरे, तिसरी विषारी आहे.

गावात फिरणाऱ्या कृषी सहायकांना एक विनंती. शेतकऱ्याने ‘रानबदाम’ म्हटले की लगेच सल्ला देऊ नका. आधी झाड बघा. झाड दूर असेल तर पान, फळ आणि बी या तिन्ही गोष्टी मागवा. नुसत्या सोललेल्या गरावरून कुणीही छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये, मग तो कितीही जाणकार असो.

जीभ लावून पाहू नका

‘कडू लागली तर विषारी, गोड लागली तर खायची’ हा समज खेड्यात पक्का बसलेला आहे आणि तोच सर्वांत जास्त घात करतो. चंद्रज्योतीचा गर कडू नसतो. भुईमुगाच्या दाण्यासारखा, किंचित गोडसर, तेलकट लागतो. म्हणून तर मुले एक खाऊन थांबत नाहीत, दहा-पंधरा खातात. उलट कडुनिंबाची निंबोळी आणि करंजाची बी कडू असते, तिच्याकडे मूल स्वतःहून पाठ फिरवते. पक्षी खातात, खारी खातात म्हणून माणसाला चालेल, हेही खरे नाही. ‘भाजली की विष जाते’ हा तिसरा समज. चंद्रज्योतीतले एक विष उष्णतेने कमी होते, पण दुसरे, ज्याने पोट बिघडते ते, भाजून जात नाही.

चंद्रज्योत: सर्वांत आधी हीच ओळखा

मोगली एरंड, रान एरंड, जट्रोफा ही सगळी हिचीच नावे. शास्त्रीय नाव जट्रोफा करकास. झुडूप किंवा लहान झाड, साधारण तीन ते पाच मीटर उंच. साल करडी, गुळगुळीत, कधीकधी कागदासारखी सुटणारी. पान हृदयाच्या आकाराचे, कडेने तीन ते पाच उथळ कोन असलेले. फांदी मोडली की पातळ चिकट रस येतो आणि तो कपड्यावर पडला की डाग निघता निघत नाही. गुरेशेळ्या हिच्या पाल्याला तोंड लावत नाहीत, म्हणूनच आपल्या आजोबांनी ती कुंपणाला लावली.

पुढे 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जैवइंधनासाठी हिच्या लागवडीची शिफारस केली आणि देशभर पडीक जमिनीवर रोपे लागली. कागदावरचे उत्पन्न कोरडवाहू रानात काही आले नाही. बऱ्याच ठिकाणी लागवड सोडून दिली गेली, झाडे मात्र राहिली. आज ती बांधावर, वाटेकडेला, पडक्या वाड्याच्या मागे आपोआप वाढतात आणि कुणाचे लक्षही नसते.

फळ लिंबापेक्षा लहान, अंडाकृती. आधी हिरवे, मग पिवळे, शेवटी वाळून काळपट तपकिरी. फळ फोडले की आत तीन कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक बी. बी सुमारे दोन सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर रुंद, काळी, चमक नसलेली, अंगावर बारीक भेगा. कवच नखाने सहज फुटते, आत पांढराशुभ्र गर. हा गर मधोमध उभा उकलून बघा. पांढऱ्या जाड भागाच्या आत, मध्यभागी, कागदासारखी पातळ दोन पाने चिकटलेली दिसतील. काजूसारख्या किंवा शेंगदाण्यासारख्या दोन जाड डाळिंब्या त्यात नसतात. दाण्यासारखी चव आणि आत पातळ पापुद्रा, ही खूण लक्षात ठेवा. ती बघायला चाखावे लागत नाही.

साध्या एरंडाशी गोंधळ करू नका. एरंडाचे पान हाताच्या पंजासारखे खोलवर कापलेले, फळावर मऊ काटे आणि बी चकचकीत, ठिपक्या-रेघांची नक्षी असलेली. तीही विषारीच आहे, आणि अधिक घातक.

चंद्रज्योतीच्या बिया पोटात गेल्यावर साधारण अर्ध्या तासापासून काही तासांत त्रास सुरू होतो. घशात जळजळ, मळमळ, वारंवार उलट्या, पोटात कळा, जुलाब. मूल गळून जाते ते मुख्यतः अंगातले पाणी गेल्याने. या विषावर उतारा असे औषध नाही. शिरेतून पाणी आणि क्षार देणे, मूल देखरेखीखाली ठेवणे हाच उपचार, आणि तो वेळेत मिळाला तर बहुतेक मुले एक-दोन दिवसांत सावरतात. मेक्सिकोत हिची एक बिनविषारी जात आहे आणि तिथे लोक ती भाजून खातात. पण आपल्या बांधावरची चंद्रज्योत ती नव्हे, आणि बघून दोन्हींत फरकही करता येत नाही. तेव्हा मोबाइलवर कुणी ‘जट्रोफा खातात’ असे दाखवले तर त्यावर जाऊ नका.

तेल काढल्यावर उरणारी पेंड गुरांना घालू नये. शेतात खत म्हणून वापरता येते.

देशी बदाम: हा मात्र खाता येतो

टर्मिनालिया कटप्पा. शाळेच्या मैदानात सावलीसाठी लावलेला, मजल्यामजल्याने आडव्या फांद्या पसरलेला मोठा वृक्ष. पान हातभर नसले तरी वीतभर असते, टोकाला रुंद आणि देठाकडे निमुळते. गळण्यापूर्वी पाने लाल होतात, झाडाखाली लाल पानांचा सडा दिसला की निम्मे काम झाले. फळ चपटे, पाच ते सात सेंटिमीटर, दोन्ही कडांना धार. बाहेरचा तंतुमय गर मुले चोखून खातात. आतले कवच दगडाने ठेचावे लागते आणि मग बोटाएवढा बारीक, लांबट गर मिळतो.

खात्रीची खूण अशी. हा गर आडवा कापा. दोन्ही दले एकमेकींत गुंडाळलेली, पथारीच्या वळकटीसारखी दिसतात. चंद्रज्योतीत अशी वळकटी कधीच नसते. मात्र बेहड्याच्या गरातही वळकटीच असते, त्यामुळे एवढ्यावर समाधान मानू नका, कवच बघा. चपटे, लांब, धारदार कवच बदामाचे, गोलसर कवच बेहड्याचे.

जंगली बदाम

स्टरक्युलिया फेटिडा. मूळचा कोकण-घाटाकडचा, पण रस्त्याकडेला आणि सरकारी आवारांत मराठवाड्यातही लावलेला आढळतो. उंच सरळ खोड, काटेसावरीसारखी बोटांत विभागलेली पाने, पण खोडावर काटे नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडाला फुलतो तेव्हा फुलांना घाण वास येतो, त्यावरून तर लोक झाडाला नावे ठेवतात. फळे लाल, लाकडासारखी टणक, होडीच्या आकाराची आणि तीन-चार-पाचच्या झुबक्यात. उकलली की आतल्या कडेने दहा-पंधरा काळ्या बिया ओळीने लागलेल्या दिसतात.

काही प्रदेशांत या बिया भाजून खातात. कच्च्या खाल्ल्या तर ढाळ लागतात. शिवाय यातल्या तेलात स्टरक्युलिक आम्ल असते, ते शरीरातल्या चरबीच्या चयापचयात अडथळा आणते. आपल्याकडे खाण्याची परंपरा नाही, गरजही नाही. आमच्या मते ही बी मुलांच्या खिशात असू नये, कारण सुटी झाली की ती आणि चंद्रज्योतीची बी लहान मुलाला सारखीच वाटते.

बिब्बा आणि गोडंबी

कामात बिब्बा घालणे, हा वाक्प्रचार उगाच रूढ झाला नाही. बालाघाटच्या डोंगरात, माळावर आणि जुन्या बांधांवर बिब्ब्याची झाडे आजही आहेत. पान मोठे, जाड, चामड्यासारखे. फळ काळे, चकचकीत, हृदयाच्या आकाराचे, सुमारे अडीच सेंटिमीटर, आणि ते एका केशरी-पिवळ्या गरावर बसलेले. काजूच्या बोंडाला जसा काजू लटकतो, तसेच. नवल नाही, बिब्बा, काजू, आंबा आणि चारोळी ही एकाच कुळातली झाडे.

गडबड काळ्या सालीत आहे. तिच्यात जाड, काळपट तेल असते. धोबी कपड्यांवर खुणा करायला ते वापरत, कारण डाग जातच नाही. तेच तेल कातडीला लागले की फोड येतात, सूज येते, आणि काहींना नुसत्या धुरानेही अंगावर उठते. आतली गोडंबी मात्र खाण्याजोगी, पौष्टिक, लाडवात घालतात ती. गोडंबी काढणे हे सवयीच्या हातांचे काम आहे. त्या बायका हाताला राख किंवा तेल लावून बसतात आणि तरीही त्यांचे हात भाजतात. परसात चार बिब्बे सापडले म्हणून घरी दगडावर ठेचू नका. शिंतोडा डोळ्यात गेला तर फार महागात पडते. काजूची किंवा आंब्याच्या चिकाची बाधा होणाऱ्यांनी तर हातही लावू नये.

तेल लागलेच तर ती जागा ताबडतोब साबण लावून भरपूर पाण्याने धुवा, फोड फोडू नका, तोच हात डोळ्याला वा तोंडाला लावू नका.

बेहडा, आणि त्याहून धोक्याची बिट्टी

बेहड्याची फळे हिवाळ्यात पडतात. दोन-अडीच सेंटिमीटर, करड्या मखमली सालीची, अंगावर पाच पुसट कंगोरे. त्रिफळ्यात त्याची साल जाते, हे सर्वांना माहीत आहे. आतला गर चवीला गोडसर असतो, पण जास्त खाल्ला तर गुंगी आणि मळमळ येते. एखादा खाल्ला म्हणून घाबरून जायचे कारण नाही, मूठभर खाल्ला असेल तर दवाखाना गाठा.

बिट्टीची, म्हणजे पिवळ्या कण्हेरीची, गोष्ट वेगळी. शोभेसाठी अंगणात आणि देवळापुढे लावतात. अरुंद, लांब, चकचकीत पाने, घंटेसारखी पिवळी फुले, आणि पान तोडले की पांढरा दुधी चीक. फळ आधी हिरवे, मग काळे, जरासे त्रिकोणी. आत एक टणक आठळी आणि तिच्यात दोन ते चार चपट्या फिकट बिया. या आठळ्या मुलांना खेळायला आवडतात, आणि खेळता खेळता कुणी दगडाने फोडले की आतला दाणा हाती लागतो.

यातले विष हृदयावर काम करते. नाडी मंद आणि अनियमित होते, उलट्या होतात, चक्कर येते, आणि उपचार न मिळाल्यास हृदय बंद पडू शकते. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत या बियांमुळे मृत्यू होतात, हे वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहे. एक-दोन बियाही कमी समजू नयेत. येथे ‘थोडा वेळ बघू’ म्हणायला जागा नाही. मूल ठणठणीत दिसत असले तरी हृदयाचा आलेख काढता येईल अशा रुग्णालयात न्या. अंगणात लहान मुले असतील तर हे झाड काढून टाका, फुले पूजेला दुसरी मिळतील.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. करंजाची चपटी शेंग आणि तिच्यात बहुधा एकच लालसर बी: खायची नाही, पण मुले खातही नाहीत. रिठ्याची काळी, गुळगुळीत, गोल बी: खेळायला ठीक, फोडून खायची नाही. सीताफळाच्या बिया तर बीडमध्ये घरोघरी. त्या गिळल्या गेल्या तर बहुधा तशाच बाहेर पडतात, पण वाटून डोक्याला लावण्याचा उपद्व्याप करू नका. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. चिंचोका मात्र भाजून खुशाल खा.

खाल्लेच असेल तर

मुलाच्या तोंडात उरलेले तुकडे काढा, चूळ भरायला लावा. बोट घालून किंवा मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका, ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. दूध, तूप, ताक पाजून विष ‘मारण्याचा’ प्रयत्न करू नका. किती खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि आणखी कोणकोणत्या मुलांनी खाल्ले, हे विचारून घ्या. घाबरलेले मूल आकडा कमी सांगते, म्हणून सोबत्यांनाही विचारा. शिव्या देण्याची ही वेळ नव्हे, मार बसेल या भीतीने मुले लपवतात आणि उशीर होतो.

108 ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जा. बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, ही जिल्ह्यातली मोठी ठिकाणे. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा 1800 116 117 हा निःशुल्क क्रमांक आहे, डॉक्टरांनाही तेथून सल्ला घेता येतो. जाताना उरलेल्या बिया, फळ आणि पानासकट एक छोटी फांदी पिशवीत घेऊन जा. ‘काहीतरी रानातलं खाल्लं’ एवढ्यावर डॉक्टर काय करणार? फांदी समोर असली की चंद्रज्योत आणि बिट्टी यातला फरक तिथल्या तिथे कळतो, आणि दोन्हींची काळजी वेगळी आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना हे विशेष सांगायला हवे. दसरा-दिवाळीनंतर आपली माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आईबाप पहाटेच फडात, आणि मुले कोपीपाशी एकटी. तिथले कुंपण, तिथली झाडे मुलांच्या ओळखीची नसतात, आणि चंद्रज्योत फळाला आलेली असते ती नेमकी त्याच सुमारास. टोळी निघण्यापूर्वी अंगणवाडी सेविका, आशा आणि कृषी सहायक यांनी पाच मिनिटे काढून मुलांना खरी फांदी हातात घेऊन दाखवावी. चित्रापेक्षा फांदी लक्षात राहते. कोपी टाकल्यावर आसपासच्या कुंपणाला कोणती झाडे आहेत ते मुकादमानेही एकदा फिरून बघितले तर बरे.

नमुना कसा द्यावा, कुंपण कसे बदलावे

ओळख पटत नसेल तर अंबाजोगाई किंवा गेवराई तालुक्यातील खामगाव येथील कृषी विज्ञान केंद्राकडे नमुना द्या, किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा. दोन-तीन पाने असलेली फांदी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवा. फळ एक अखंड आणि एक फोडलेले, बिया पाच-सहा. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, ओल धरून बुरशी येते. फोटो पाठवायचा तर बीजवळ एक रुपयाचे नाणे ठेवा, म्हणजे आकार कळेल, आणि चार फोटो काढा: पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, अखंड फळ, कापलेली बी. चीक कोणत्या रंगाचा आला तेही लिहा. दुधी पांढरा, पातळ पाण्यासारखा की काहीच नाही, एवढ्यावर अर्धी झाडे बाजूला निघतात.

घराजवळ, अंगणवाडीजवळ किंवा शाळेच्या कुंपणाला चंद्रज्योत असेल तर ती काढावी. नुसती छाटली तर ती पुन्हा फुटते, म्हणून मुळासकट उपटावी लागते, आणि पावसाळ्यात जमीन ओली असताना हे काम निम्म्या श्रमात होते. यंदा तेवढी सवड नसेल तर फळे पिवळी पडू लागली की उकलण्याआधी तोडून खड्ड्यात पुरा. हातमोजे नसतील तर काम झाल्यावर हात साबणाने धुवा. रिकाम्या जागी मेंदी लावता येते, आणि गुरे आत येऊ नयेत असे काटेरी कुंपण हवे असेल तर करवंद. त्याची काळी फळे मुलांनी ओरबाडून खाल्ली तरी फार तर ओठ चिकाने चिकट होतील. शेताच्या लांबच्या बांधावरची चंद्रज्योत राहू दिली तरी चालेल, फक्त घरातल्या प्रत्येक मुलाला ती कोणती आहे ते माहीत हवे.